कोळंबीच्या सालांबद्दल, नंदूस

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

कोळंबीच्या सालांतल्या कायटिनपासून (म्हणजे सालाचा सांगाडा, साखरेच्या कड्यांची लांब साखळी) नायट्रोजन असलेलं फ्युरान, औषधी रेणूंचा कच्चा माल, बनवायला कोणता उत्प्रेरक मागवू, असं विचारलंस. बोरिक ॲसिड. कॅरमवर भुरभुरतात तेच, फक्त शुद्ध प्रतीचं. तुझा उतारा, म्हणजे शेवटी किती माल हाती येतो ते, मात्र त्याच्या कितीतरी आधी, बादलीत आणि बॉल मिलमध्ये (गोळ्यांनी दळणाऱ्या फिरत्या भांड्यात) ठरतो, म्हणून पत्र लांबणार.

रत्नागिरीच्या मिरकरवाड्याच्या धक्क्यावरून सालं आणताना डोकी वेगळी काढायला सांग. डोक्यात प्रथिनं आणि चरबी जास्त, आणि ती तासाभरात सडू लागतात. नुसती सालं बर्फात आण, धू, वाळव. दहा किलो ओल्या सालांची वाळून दोन-अडीच किलो होतात. त्यात चुनखडी ढोबळमानाने तीस ते पन्नास टक्के, प्रथिनं वीस ते चाळीस, कायटिन पंधरा ते तीस. पाचवा हिस्सा धरलास तर हातात चारशे-पाचशे ग्रॅम, तेही काही वाया गेलं नाही तर.

आधी चुनखडी काढ. शंभर ग्रॅम सुक्या सालात पस्तीस ग्रॅम चुनखडी धरली तर 1 मोलर (लिटरला एक मोल) हायड्रोक्लोरिक ॲसिड निदान 700 मिली लागतं, लिटरभर घे. एवढ्यातून आठ-साडेआठ लिटर कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि प्रथिनांमुळे त्याचा फेस दुधासारखा उतू जातो. त्यामुळे बादली एक तृतीयांशच भर आणि ॲसिड थोडं थोडं ओत. गरम करू नकोस, तीव्रही घेऊ नकोस. साखळी तुटून माल पाण्याबरोबर वाहून जातो. बुडबुडे थांबले म्हणून लगेच काढू नकोस. एक साल मोडून तुटलेल्या कडेवर ताज्या ॲसिडचा थेंब टाक. तिथे फसफसलं तर आत चुनखडी शिल्लक आहे.

मग प्रथिनं. 1 मोलर कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड), म्हणजे लिटरला 40 ग्रॅम. एका ग्रॅमला दहा-पंधरा मिली, 80 अंशांवर दोन तास. पहिलं पाणी चहासारखं तांबूस निघतं. ते फेकून दुसऱ्यांदा कर. 40-50 टक्क्यांचं उकळतं कॉस्टिक वापरायचा मोह टाळ. त्याने ॲसिटिल गट (साखळीतल्या नायट्रोजनला चिकटलेला दोन कार्बनचा तुकडा) निघून कायटोसान हा वेगळाच पदार्थ होतो, आणि आपल्याला तोच गट हवा आहे. गुलाबी रंग ॲसिटोनने काढ. ब्लीचने नको, ते साखळीलाच खातं. पाणी उदासीन होईपर्यंत धू आणि 60 अंशांवर वाळव.

आता खरी अडचण. कोळंबी-कुर्ल्यांचं कायटिन अल्फा प्रकारचं, साखळ्या उलटसुलट रचून हायड्रोजन बंधांनी घट्ट शिवलेल्या. द्रावक आत शिरत नाही. म्हाकूलच्या अंगातली ती पारदर्शक पट्टी बीटा प्रकारची, सैल, शिवाय चुनखडी जवळजवळ नाहीच. सरावाला ती घेतलीस तर अर्धा त्रास वाचेल.

अल्फा फोडायचं तर दळावंच लागतं. जपानमधल्या होक्काइडो विद्यापीठात कायटिनवर थोडं सल्फ्युरिक ॲसिड चढवून बॉल मिलमध्ये दळलं. साखळ्या विरघळण्याइतक्या लहान झाल्या आणि ॲसिटिल टिकला. मग 170 अंशांवर पाण्यात एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइनचा, म्हणजे कायटिनची कडी असलेल्या साखरेचा, उतारा 53 टक्के मिळाला. तुझं भांडं स्टीलचं असेल तर ॲसिड त्यालाच खाईल आणि लोखंड मालात उतरेल, झिर्कोनियाचं (कठीण सिरॅमिकचं) घे. मधे मधे थांबून भांडं गार होऊ दे, भिंतीला बसलेली वडी खरवड.

पुढची पायरी 3-ॲसिटामिडो-5-ॲसिटिलफ्युरानची, म्हणजे आपल्या फ्युरानची. या साखरेतून पाण्याचे तीन रेणू निघतात, रेणूचं 221 चं वजन 167 वर येतं आणि नायट्रोजन जागचा हलत नाही. कायटिनच्या वजनात जवळपास 6.9 टक्के नायट्रोजन आहे, प्राण्याने आयता बांधून दिलेला. तो न गमावणं हाच सगळा खटाटोप. 2018 साली प्रॉक्झिमिसिन ए हा कर्करोगविरोधी रेणू याच फ्युरानपासून तयार केला गेला.

कॅनडात न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात फ्रान्सेस्का कर्टन यांच्या गटाने 2012 साली बोरिक ॲसिड, मीठ आणि द्रावक म्हणून डायमिथाइल ॲसिटामाइड घेऊन मायक्रोवेव्हमध्ये 220 अंशांवर पंधरा मिनिटांत 62 टक्के उतारा काढला, पण सुट्या साखरेपासून. सिंगापूरला निंग यान यांच्या गटाने थेट कायटिन घेतलं, द्रावक एनएमपी (एन-मिथाइल पायरोलिडोन), 215 अंश. उतारा 7.5 टक्के. तुझ्या भाषेत सांगतो: एक ग्रॅम साखरेतून सुमारे 470 मिलिग्रॅम, एक ग्रॅम कायटिनमधून 62. उरलेलं बहुतेक काळं डांबर. म्हणून आधी साखर कर, मग फ्युरान. दोन्ही एकाच भांड्यात उरकायचा हट्ट सोड.

बोरिक ॲसिड चिमूटभर पुरत नाही, साखरेच्या मोलांच्या तोडीस तोड लागतं. साखर मेडिकलमधून आणू नकोस. गुडघेदुखीच्या गोळ्यांत बहुधा ग्लुकोसामाइनचं सल्फेट किंवा हायड्रोक्लोराइड असतं, ॲसिटिल नसतो. डायमिथाइल ॲसिटामाइड 165 अंशांवर आणि एनएमपी 202 वर उकळतं, म्हणजे दाबाचं बंद भांडं हवं. तापलेलं मीठ स्टीलला खड्डे पाडतं, आत काचेचं अस्तर घाल. दोन्ही द्रावक कातडीतून शिरतात आणि गर्भाला घातक आहेत. नायट्राइलचे हातमोजे त्यांच्यापुढे फार टिकत नाहीत, ब्यूटिल रबराचे आण. गरोदर विद्यार्थिनी असेल तर तिला या कामापासून लांब ठेव.

शेवटी फ्युरान वेगळं काढताना पाणी घालून इथाइल ॲसिटेटने ओढशील तेव्हा द्रावकही सोबत येईल. मिठाच्या पाण्याने चार-पाचदा धू, नाहीतर शुद्धीकरणाचा कॉलम रडवेल. जीसी-एमएसवर (मिश्रण वेगळं करून रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर) 167 ची रेघ शोध.

पहिल्या खेपेला शंभर ग्रॅमच सालं घे. धुतलेल्या कायटिनचा एक ग्रॅम 600 अंशांच्या भट्टीत जाळून राख मोज आणि आकडा कळव. एक टक्क्याच्या वर असेल तर मिल लावूच नकोस, बादलीकडे परत जा.

तुझा,
मध्या