तापाचं नाव एकच, आजार अनेक

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

मलावीत नोव्हेंबरात पाऊस लागला की तुझ्या गावच्या दवाखान्यात तापाची मुलं वाढतात. चिचेवा भाषेत तापालाही ‘मालुंगो’ म्हणतात आणि मलेरियालाही. मुलाची आई तुला तोच शब्द सांगेल. तू तो निदान म्हणून वहीत उतरवू नकोस.

आकडी येणारं, काहीच न पिणारं, प्यायलेलं सगळं उलटून टाकणारं मूल रांगेत बसवायचं नाही. गुदमार्गे आर्टेसुनेट हे मलेरियाचं औषध द्यायचं आणि लगेच मोठ्या इस्पितळात पाठवायचं. ती कॅप्सूल वाटेपुरतीच असते, पूर्ण उपचार तिथेच होतात.

बाकीच्यांचा आधी श्वास मोज. रडणारं मूल शांत होऊ दे, सदरा वर कर आणि पोटाकडे बघत पूर्ण मिनिट मोज. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नकोस, लहानग्यांचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिन्यांपुढे आणि वर्षाच्या आत 50 किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षं 40 किंवा जास्त भरला, तर न्यूमोनिया धरून अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक. आपल्या गडचिरोलीत गावातल्याच माणसांनी श्वास मोजून मुलं वाचवली, तेव्हा यंत्र नाही म्हणून अडू नकोस.

मग बोटाच्या रक्तावर मलेरिया तपासायची किट. श्वास जलद असला तरीही कर, दोन्ही आजार एकदम असतात. पाकीट मूल समोर आल्यावरच फोड, आधी फोडलेली पट्टी दमट हवेत खराब होते. बोटावरचं स्पिरिट पुरतं वाळलं की टोच. रक्त जास्त पडलं तर किटची खिडकी लालच राहते आणि रेघ वाचता येत नाही. किटमधला द्राव संपला म्हणून कुणी सलाईन टाकू लागलं तर हात धर, त्याने खोट्या रेघा उमटतात. 15 मिनिटं की 20, ते किटच्या कागदावर असतं. तेवढं थांब, पण तासाभराने वाचू नकोस. फिकट रेघही पॉझिटिव्हच. किट चालली हे दाखवणारी कंट्रोलची रेघ नाही तर किट बाद. नुकताच मलेरियाचा कोर्स झाला असेल तर जपून, जंतू गेल्यावरही ही किट काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते.

किट पॉझिटिव्ह आली तर मलेरियाच्या गोळ्या, आर्टेमेथर-लुमेफँट्रिनच्या: 5 ते 15 किलोच्या आत एका वेळी एक, 25 किलोच्या आत दोन, एकूण सहा डोस, तीन दिवस. शेंगदाण्याचं कूट घातलेल्या पेजेबरोबर दे, स्निग्धाशिवाय औषध नीट अंगी लागत नाही. पहिला डोस तुझ्यासमोर. अर्ध्या तासात उलटी झाली तर तोच पुन्हा. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि उरलेल्या गोळ्या धाकट्या भावंडासाठी जपून ठेवल्या जातात, हे मुलाच्या आईशी आधीच बोल.

दुसरा डोस आठ तासांनी. पहिला दुपारी चारला दिलास तर तो मध्यरात्री येतो. घरात कोण उठेल, ते तिला तिथेच विचार.

तुझी,
आई