एच रांगेतल्या काकू, थँक्यू म्हणायचं राहून गेलं

काकू, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय, कोणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेल. मागच्या सप्टेंबरात, म्हणजे २०२५ च्या, रविवारी दुपारच्या शोला नाशिकमधल्या एका मल्टिप्लेक्सात 'दशावतार' बघताना तुमच्या शेजारी पांढरा शर्ट आणि जाड चष्मा घातलेले एक आजोबा बसले होते, आठवतंय का? ते माझे बाबा.

बाबा प्रेसमधून रिटायर झालेले. ड्युटी सुटली की विजय-ममता नाहीतर सर्कल टॉकीजला जाऊन पिक्चर टाकणारा माणूस, आणि आता दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. बाजूचं दिसणं जवळजवळ गेलंय, मधलं थोडं उरलंय, तेही धुरकट. गेलेलं परत येत नाही, थेंब टाकून आहे तेवढं टिकवायचं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. त्यात थिएटरचा अंधार आणि त्या पायऱ्या. तरी पिक्चर म्हटलं की ते तयार, आणि दिलीप प्रभावळकर म्हटल्यावर तर विषयच संपला.

त्या दिवशी गर्दी इतकी की शेजारशेजारची दोन सीटं मिळालीच नाहीत. मी सी मध्ये, बाबा एच मध्ये. तिथल्या मुलाला म्हटलं अरे यांना नीट दिसत नाही, कोणाला तरी विचारून सीट बदलून दे, तर तो म्हणे मॅडम ॲपवरच करावं लागतं. पिक्चर सुरू झाल्यावर ॲपवर काय करणार होते मी! बाबांना बसवलं, फोन व्हायब्रेटवर ठेवा म्हटलं आणि पुढे जाऊन बसले, पण पहिला अर्धा तास सगळा मागे वळून बघण्यातच गेला. नंतर बघितलं तर तुम्ही त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी सांगताय. मला वाटलं तुमची ओळख निघाली.

इंटरव्हलला कळलं की तुम्ही अख्खा पिक्चर त्यांना सांगत होतात. आता तोंडाला रंग लावतायत, आता जंगल आहे, रात्र आहे, आता मुलगा नुसता बघतोय त्यांच्याकडे. आणि मालवणी अडलं की तेही, कारण तुम्ही मूळच्या तिकडच्याच. प्रभावळकर ८१ वर्षांचे आहेत आणि तरी असे उभे राहिलेत हे तुम्ही बाबांना इतक्या कौतुकानं सांगितलंत की बाबा पण ताठ बसले. एकदा तुम्ही म्हणालात ना, "आत्ता फक्त डोळ्यांनी बोलतायत हो, बघा डोळे", आणि मग जीभ चावलीत. बाबांनी हे घरी येऊन हसत हसत चार जणांना सांगितलं. त्यांना वाईट वाटलं नाही हे तुम्हाला कळावं म्हणूनही लिहितेय, कारण तुमचा चेहरा एवढासा झाला होता असं मागच्या रांगेतला मुलगा म्हणाला.

आणि इंटरव्हलमध्ये त्यांनी तुम्हाला फाळक्यांवर लेक्चर दिलं त्याबद्दल सॉरी. नाशिककराला कोणी सिनेमाबद्दल एक वाक्य बोललं की तो फाळक्यांवर जातोच, त्र्यंबकेश्वरला जन्मले, गेले तेही इथेच नाशकात, १९४४ ला, वगैरे. पण बाबांची आवडती गोष्ट वेगळी आहे. रोज चार-पाच तास सिनेमे बघून आणि रात्री जागून फाळक्यांचेच डोळे गेले होते, मग डॉक्टरांनी तीन-चार चष्मे देऊन ते परत आणले आणि त्यानंतर १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' आला. हे सांगून झालं की "माझ्या डॉक्टरकडे तेवढे चष्मे नाहीत" हे ठरलेलं वाक्य, तेही तुम्ही ऐकलंत आणि वर त्यांना खाजं खायला दिलंत. बाहेरचं खाणं आत कसं आणलंत ते विचारत नाही.

तुमच्यामुळे माझंही पिक्चर बघणं बदललंय काकू. मी काही समीक्षक वगैरे नाही, पैसे वसूल झाले की खुश. पण आता मधेमधे डोळे मिटून बघते. त्याआधी, २०२५ च्याच फेब्रुवारीत आम्ही 'छावा' बघितला होता तेव्हा बाबा बाहेर आल्यावर म्हणाले होते सगळं एकाच आवाजात होतं गं, रडतायत की लढतायत कळेना. मला तेव्हा राग आला, आख्खं थिएटर रडत होतं आणि यांचं काहीतरी. आता डोळे मिटून ओटीटीवर परत लावला तर पटलं. विकी कौशलनं जीव ओतलाय, त्यात वाद नाही, पण कानाला उसंतच नाही. त्यातला अक्षय खन्नाचा औरंगजेब मात्र बाबांना आवडला होता, का तर हळू बोलतो.

'दशावतार'नंतर पुढच्याच आठवड्यात 'साबर बोंडं' लागला, अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला मोठं बक्षीस मिळालेला. खरं सांगते, बाबांना न्यावं का यावर मी दोन दिवस विचार केला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला मुलगा आणि त्याचा जुना मित्र, त्या दोघांचं प्रेम. बाबांच्या शेजारी बसून बघायचं म्हणजे... पण नेलं. पार्श्वसंगीत नाहीच त्यात, नुसते गावातले आवाज आणि लांबच लांब शांतता. मला मध्ये जरा डुलकी लागली, बाबांना नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, पोराला कोणीतरी आहे, बरं झालं.

डिसेंबरात 'धुरंधर'. साडेतीन तासांच्या वर! आणि यावेळी सांगायचं काम माझ्याकडे. मी पार नापास. "मारतायत बाबा." "कोण कोणाला?" "सगळे सगळ्यांना." मग गप्प बसले. पण मध्येच बाबा जोरात म्हणाले, "हा औरंगजेब आहे ना?" आवाजावरून ओळखला, काकू, रहमान डकैत झालेला अक्षय खन्ना, मी सांगायच्या आत! आणि 'बरसात की रात'मधल्या १९६० च्या कव्वालीवरून केलेलं गाणं वाजलं तेव्हा तर ते मूळची कव्वाली गायलाच लागले, पुढच्या रांगेतल्या पोरांनी वळून बघितलं. पिक्चर मला जरा जास्तच ताणलेला वाटला, रक्तही फार, बाबांना तेवढं रक्त दिसलं नाही हे एक बरं. गाडीत बसताना म्हणाले, त्या बाईंना जमत होतं, तुला नाही जमत. खरंय. तुम्ही नेमकं काय सांगायचं आणि कधी गप्प बसायचं ते कसं ठरवत होतात? भेटलात तर हे शिकायचंय मला.

नंतर कळलं की दृष्टिहीनांसाठी पिक्चरमध्ये ध्वनिवर्णन, म्हणजे पडद्यावर काय चाललंय ते बोलून सांगणं, असावं अशा सूचना केंद्रानं २०२४ मध्येच काढल्यात. आमच्या वाट्याला अजून तरी फक्त तुम्ही आलात.

एक भानगड मात्र तुम्ही करून ठेवलीत. बाबांनी तुम्हाला 'आवशीचो घो'चा अर्थ विचारला आणि तुम्ही म्हणालात, घरी गेल्यावर मुलीला विचारा. मालवणी शिवी आहे हे बापाला कसं सांगणार, मीही टाळलं, म्हटलं "अरे देवा" सारखं काहीतरी आहे. आता दूध उतू गेलं, लाइट गेली, रिमोट सापडला नाही की आमच्याकडे जेलरोडला 'आवशीचो घो' ऐकू येतं. परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरवरून म्हणाले, आणि आमच्या वरच्या मजल्यावर कुडाळचे लोक राहतात.