ताईस पत्र

वाई

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीत फराळाचे डबे भरताना तू म्हणालीस, "आई, हा डबा सोडला तर तू माझ्यासाठी काही केलेलं मला आठवत नाही." मी काहीच बोलले नाही, झाकण घट्ट लावले आणि पुढचा डबा घेतला. पण ते वाक्य मनातून जात नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

दादाची हळद अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लागते आणि ती काढून, शिजवून, वाळवून सांगलीच्या बाजारात जाईपर्यंत पुढचा मार्च उजाडतो. तोवर बेणे, खत, मजुरी सगळे पदरचे घालावे लागते. म्हणून दर पावसाळ्यात माझ्या पेन्शनमधले काही त्याला जाते, आणि सौदा झाला की तो जमेल तेवढे परत आणून देतो. धाकटीला पैसा नको होता, घरात माणूस हवे होते. घटस्फोटानंतर रुग्णालयातली रात्रपाळी तिला टाळता येईना, म्हणून दोन वर्षे मी कोल्हापुरात राहिले. नात माझा हात धरून झोपायची. पहाटे कडी वाजली की झोपेतच "आई आली" म्हणायची आणि मग हात सोडायची.

तू कधी काही मागितले नाहीस, आणि तुला काही नकोच आहे असे मी धरून चालले. तुझ्या शस्त्रक्रियेच्या वेळीसुद्धा, सासरची माणसे आहेत असे म्हणून मी फोनवरच चौकशी केली. ते माझे चुकले, ताई.

घर माझ्या नावावर आहे. मृत्युपत्र केले नसते तरी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तुम्हा तिघांना सारखाच वाटा मिळाला असता. तरीही पुढे कोणाच्या मनात किंतु राहू नये म्हणून दोन साक्षीदारांसमोर ते लिहून ठेवले आहे. दादाला दिलेले पैसे किंवा धाकटीकडे राहिलेले दिवस त्यातून वजा केलेले नाहीत, कारण वाटणी आणि नड यांचा हिशोब मला एका वहीत मांडायचा नाही.

संक्रांत झाली की मी महिनाभर पुण्याला येते. तेव्हा हळदीची काढणी असेल, पण दादाला मी आधीच सांगून ठेवले आहे. येताना काय आणू ते कळव, आणि या वेळी "काही नको" असे लिहू नकोस.

तुझी,
आई