पट्टे किती रुंद झाले म्हणजे गाडीचा रंग बदलतो?

माननीय केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री यांस,

सादर नमस्कार.

माझ्याकडे फोर्डची मस्टँग आहे. 2016 मध्ये उजवीकडे स्टिअरिंग असलेली जी भारतात आली ती, आणि तीही सेकंडहँड, तेव्हा कृपया फार श्रीमंत समजू नका. गाडी आजची असली तरी तिचा चेहरामोहरा 1964 च्या पहिल्या मस्टँगवरून घेतलेला आहे. लांबलचक बॉनेट, आखूड डिकी, मागे दोन्ही बाजूंना तीन-तीन उभे दिवे. म्हणजे निम्मं काम कंपनीनेच केलंय. उरलेलं निम्मं मला करायचं होतं: बॉनेटपासून डिकीपर्यंत दोन रुंद पट्टे, पाच आऱ्यांची जुन्या धाटणीची व्हील्स, मागच्या काचेवर काळे लूव्हर्स (म्हणजे तिरप्या आडव्या पट्ट्यांची झडप) आणि आत लाकडी स्टिअरिंग.

या चारांपैकी कायद्याने काय चालतं, हे विचारायला मी आरटीओत गेलो. एका साहेबांनी व्हील्स पाहून ‘लावा हो, कोण बघतंय’ म्हटलं. महिन्याभराने त्याच कार्यालयात दुसऱ्या साहेबांनी फोटो पाहिला आणि गाडी जप्त करण्याची भाषा केली. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असावेत. लेखी मात्र दोघांनीही काही दिलं नाही, आणि माझी तक्रार नेमकी तेवढीच आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की, निर्मात्याने मुळात दिलेला तपशील आणि आरसी बुकातला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम 182अ आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आता ‘प्रत्येक बदल’ मोजायचा कसा? चार व्हील्स म्हणजे एक बदल की चार? रंग आरसीवर असतो, तेव्हा गाडीचा सगळा रंग बदलायचा तर नोंद हवी, हे मला पटतं. चोरीची गाडी ओळखायला तो लागतो. पण लाल गाडीवर पांढरे पट्टे मारले तर ती लालच राहते ना? आणि पट्टे वाढवत वाढवत निम्मं बॉनेट पांढरं झालं, तर?

लाकडी स्टिअरिंगबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे. ते मी विकत आणलं. तीन चकचकीत दांडे, अक्रोडाचं लाकूड, हातात घेतल्यावर सोडवेना. कारागिराने मूळ स्टिअरिंग उतरवून दाखवलं, तेव्हा कळलं की मधल्या गोलात एअरबॅग आहे आणि त्यामागे गुंडाळलेली चपटी केबल, जिच्यातून एअरबॅगला आणि हॉर्नला वीज जाते. लाकडी स्टिअरिंग बसतं, हॉर्नही वाजतो, फक्त डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा पेटून राहतो. त्यावर कारागिराचा तोडगा असा: ‘साहेब, एक छोटा रेझिस्टर टाकू, गाडीला वाटेल एअरबॅग आहे.’ गाडीला वाटेल, पण माझ्या छातीला कोण समजावणार? सीटबेल्टचा ताण एअरबॅगचा हिशोब धरूनच ठरवलेला असतो. ते स्टिअरिंग आता माझ्या भिंतीवर आहे. असले उद्योग करणाऱ्यांवर 182अ खुशाल लावा. क्रोमचे पोलादी बंपर लावणाऱ्यांवरही लावा. बुलबारवर, म्हणजे गाडीच्या तोंडाला लावतात त्या धातूच्या दांड्यांवर, तुमच्या मंत्रालयाने 2017 च्या डिसेंबरात बंदी आणली ती पादचाऱ्यांसाठी, आणि ते कारण इथेही तंतोतंत लागू आहे.

व्हील्सचं तसं नाही. साठच्या दशकातलं 15 इंची व्हील आजच्या ब्रेक कॅलिपरवर (ब्रेकची चकती दाबणाऱ्या चिमट्यावर) बसतच नाही, त्यामुळे जुन्या नक्षीचं पण मोठ्या मापाचं घ्यावं लागतं. टायरसकट बाहेरचा व्यास मूळ गाडीइतका ठेवला तर स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. ऑफसेट, म्हणजे व्हील किती आत किंवा बाहेर बसतं ते माप, तोच, टायरची भारक्षमता तीच किंवा जास्त, मधलं भोक हबवर (व्हील जिथे जोडतात त्या मधल्या भागावर) नीट बसणारं. ही चार मापं टेप आणि टायरवरचे आकडे पाहून अर्ध्या तासात तपासता येतात. जर्मनीत हेच होतं: सुटा भाग प्रमाणपत्रासह येतो, नाही तर तपासनीस गाडी पाहून बदल कागदावर चढवतो किंवा नाकारतो. लूव्हर्सचाही निकाल असाच लागेल. आरशात मागचं पुरेसं दिसलं तर ठेवा, नाही तर काढा.

खरं तर जुन्या गाड्यांचं प्रेम तुमच्या खात्याला नवीन नाही. 2021 मध्ये तुम्ही 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना नंबरप्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं देऊन वेगळी नोंदणी दिलीत. छान केलंत. पण खरी 1965 ची गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही, नियमही परवानगी देत नाही आणि तिचे ब्रेकही. म्हणून तर माझ्यासारखे लोक आजचे ब्रेक, आजची एअरबॅग ठेवून वरून फक्त जुना पोशाख चढवतात. हा पोशाख तपासून सही करणारा माणूस कुठल्याही खिडकीवर बसत नाही.

बदलांची एक यादी जाहीर करा: कशाला परवानगीच लागत नाही, कशाला तपासणी लागते, कशाला साफ मनाई आहे. मधल्या गटाची तपासणी फी घ्या, आणि होकार किंवा नकार आरसीवर लिहून द्या. नकार मिळाला तर व्हील्स काढून जुनी लावीन, डिकीत पडलीच आहेत.

तोवर, जमल्यास, पट्ट्यांची रुंदी तेवढी इंचांत कळवावी. स्टिकरवाला थांबलाय.

आपला,
एक मस्टँगवाला