ती गर्दी ऐकायला आलेली असते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या उन्हाळी मैफिलींवर आलेला लेख वाचला. 'फिश' या बँडवर मराठीत कुणी लिहिलं याचा आनंद झाला. पण त्यांच्या श्रोत्यांविषयी लेखात जे होतं ते गांजाचा धूर, रंगीबेरंगी टी-शर्ट आणि बँडच्या मागे गावोगाव फिरणारे रिकामटेकडे तरुण एवढ्यावरच संपलं. मी मूळची मिरजेची. बऱ्याच वर्षांपासून न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीजवळ राहते आणि साराटोगा स्प्रिंग्जच्या खुल्या नाट्यगृहाच्या हिरवळीवर बसून या बँडला ऐकत आले आहे. त्या गर्दीला मी आतून ओळखते, म्हणून लिहिते आहे.

'फिश' १९८३ मध्ये व्हरमाँट विद्यापीठात जमलेला रॉक बँड. ट्रे अनास्तासिओ गिटारवर, माइक गॉर्डन बासवर, जॉन फिशमन ड्रम्सवर आणि १९८५ पासून पेज मॅककॉनेल पियानो-ऑर्गनवर. चाळीस वर्षं होऊन गेली तरी हेच चौघं. रेडिओवर गाजलेलं असं त्यांचं गाणं जवळजवळ नाही. लोक येतात ते आज काय सुचतं आहे हे ऐकायला. चार मिनिटांचं गाणं एखाद्या रात्री पंचवीस मिनिटं चालतं, मूळ चाल सोडून भलत्याच मुलुखात शिरतं आणि कधी परत येतं, कधी येतच नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात मॅडिसन स्क्वेअर गार्डनला त्यांनी तेरा रात्री वाजवलं आणि २३७ गाण्यांत एकही गाणं दुसऱ्यांदा घेतलं नाही. 'बेकर्स डझन' (इंग्रजीत याचा अर्थ तेरा) म्हणून तो प्रकार प्रसिद्ध आहे.

साराटोगाचं नाट्यगृह १९६६ मध्ये बांधलेलं, सरकारी उद्यानात, उंच झाडांच्या मधोमध. छपराखाली पाचेक हजार खुर्च्या आणि मागे उतरती हिरवळ, तिच्यावर त्याहून कितीतरी जास्त माणसं मावतात. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा आणि न्यूयॉर्क सिटी बॅले यांचा उन्हाळी मुक्काम इथेच असतो. जुलैअखेरीस तिथे सव्वाआठच्या आसपास सूर्य मावळतो, त्यामुळे पहिला भाग उजेडात होतो. तेव्हा लोक एकमेकांना दिसत असतात, नाचत असतात, लहान मुलं कानांवर मोठे संरक्षक डबे लावून आईबापांच्या खांद्यावर असतात. मध्यंतर होईपर्यंत अंधार पडतो आणि दुसऱ्या भागात ख्रिस कुरोडाचे दिवे बोलू लागतात. हा माणूस १९८९ पासून यांचे दिवे सांभाळतो आणि तेही वादनाबरोबर तिथल्या तिथे सुचतील तसे चालवतो. चाहते त्याला पाचवा वादकच मानतात, आणि ते मला पटतं. एकदा लय दुपटीत गेली तेव्हा दिव्यांनी उलट संथ व्हायचं ठरवलं. त्या क्षणी सगळ्या हिरवळीने जो श्वास घेतला तो मी ऐकला आहे.

आता मुख्य मुद्दा. मैफल संपल्यावर ही माणसं काय बोलतात ते आपल्या लेखकाने ऐकलं असतं तर लेख वेगळा झाला असता. गेल्या उन्हाळ्यात माझ्या सतरंजीच्या एका बाजूला शाळेतून निवृत्त झालेले संगीतशिक्षक होते, दुसऱ्या बाजूला व्हरमाँटहून गाडी हाकत आलेली एक परिचारिका. दुसऱ्या भागात एक लांब जॅम, म्हणजे चौघांनी मिळून आयत्या वेळी सुचेल तसं केलेलं वादन, झाला. शिक्षकांचं म्हणणं, गिटार रेंगाळत होती, पेजने डाव्या हाताने एक स्वर बदलला आणि सगळ्यांना नवी वाट दाखवली. परिचारिका म्हणाली, छे, त्याआधीच फिशमनने झांजेवरचा ठेका मोडला होता, पेज फक्त त्याच्यामागून गेला. पुढे छपराखाली बसलेला एक मुलगा गाड्यांकडे जाताना भेटला. त्याला तो जॅम अजिबात आवडला नव्हता. सगळे एकमेकांची वाट बघत बसले आणि कुणीच काही बोललं नाही, असं त्याचं मत. तिघंही तीच वीस मिनिटं ऐकून आले होते, आणि तिघांनाही आपल्या मताची जबाबदारी वाटत होती. दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रण ऐकून शिक्षकांनी मला कळवलं की परिचारिकेचं बरोबर आहे, पण आवडलं नाही म्हणणाऱ्या मुलाचंही पहिल्या सहा मिनिटांपुरतं बरोबर आहे.

मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ रात्रभर गाणं चालतं. लहानपणी तिथे चिंचेखाली वडिलांच्या मांडीला टेकून मी अशाच गप्पा ऐकल्या आहेत. अमक्याने पंचम किती उशिरा दाखवला, तमक्याची तान समेवर आली की मारून मुटकून आणली. तशाच काटेकोर प्रेमाने बोलणारी माणसं मला परदेशात भेटली ती या हिरवळीवर.

हे प्रेम आंधळंही नाही. २००४ च्या ऑगस्टमध्ये व्हरमाँटमधल्या कॉव्हेंट्रीला बँडने निरोपाचा उत्सव ठेवला होता. पावसाने शेतांचा चिखल झाला, गाड्या आत घेणं थांबवावं लागलं, तेव्हा हजारो लोक महामार्गाच्या कडेला गाड्या सोडून मैलोन् मैल चालत आत गेले. आणि इतकं करून पोचलेल्या माणसांनीच स्पष्ट सांगितलं की वादन वाईट झालं. २००९ च्या मार्चमध्ये व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनला बँड पुन्हा उभा राहिला तेव्हाही हीच माणसं कान टवकारून बसली होती.

ध्वनिमुद्रणाची गोष्ट तर आपल्याकडच्या आयोजकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. श्रोत्यांनी मैफल टेप करायला 'ग्रेटफुल डेड' या आधीच्या पिढीतल्या अमेरिकन रॉक बँडची हरकत नव्हती, आणि १९८४ पासून त्यांनी टेपरांसाठी, म्हणजे टेप करणाऱ्यांसाठी, वेगळी जागाच राखली. 'फिश'ने तोच रिवाज पुढे चालवला. उंच काठ्यांवर मायक्रोफोन लावून ध्वनियंत्रणेच्या मागे बसलेली ही मंडळी मैफलभर टाळीसुद्धा जपून वाजवतात. नियम एकच, पैसे घ्यायचे नाहीत. कॅसेटच्या काळात नवख्या माणसाने कोऱ्या कॅसेटी आणि परतीचं टपाल पाठवायचं, जुन्याने मैफिली भरून परत धाडायच्या. पुढे २००२ पासून बँड स्वतःच आपल्या मैफिलींची ध्वनिमुद्रणं उपलब्ध करून देऊ लागला, तरी टेपरांची जागा गेली नाही. त्यामुळे कोणतं गाणं कोणत्या गावी, किती मैफिलींनंतर पुन्हा निघालं याची नोंद चाहत्यांकडे चोख असते. ही नोंद ठेवणाऱ्या स्वयंसेवकांमधूनच १९९६ मध्ये 'मॉकिंगबर्ड फाउंडेशन' उभं राहिलं. ते मुलांच्या संगीतशिक्षणासाठी शाळांना देणग्या देतं. आपल्या लेखातल्या 'रिकामटेकड्यां'चं हे काम.

धूर असतो, नाही कसा! वाहनतळावर नशेसाठी हुंगायच्या नायट्रस ऑक्साइड वायूचे फुगे विकणाऱ्या टोळ्या असतात आणि त्यांचा सगळ्यांत जास्त राग जुन्या चाहत्यांनाच येतो. हिरवळीवर भली मोठी ताडपत्री पसरून दहा जणांची जागा अडवणारे असतात, जॅम चालू असताना मोठमोठ्याने बोलणारे असतात. या बडबड्यांना चाहत्यांच्या भाषेत 'चॉम्पर' म्हणतात, आणि त्यांना गप्प करायला परिचारिकेसारखी सौम्य बाईसुद्धा मागे वळते. पण मध्यंतरात पिवळे फुगे बांधलेलं एक टेबलही असतं. तिथे व्यसन सोडलेले चाहते एकमेकांना भेटतात, उरलेली रात्र शुद्धीत ऐकता यावी म्हणून हात धरतात. 'फेलोशिप' हे त्यांचं नाव. ट्रे अनास्तासिओ स्वतः व्यसनातून बाहेर आला आणि त्याच्या पुढाकाराने व्हरमाँटमधल्या लडलो गावी उपचारकेंद्र सुरू झालं. हे सगळं गाळून फक्त धूर छापणं अन्यायाचं आहे.

हे संगीत आपल्याला वाटतं तितकं परकंही नाही. 'ग्रेटफुल डेड'चा ड्रमवादक मिकी हार्ट अल्लारखाँ यांच्या सहवासात लयीचे हिशेब शिकला. माहीममध्ये वाढलेले झाकीर हुसेन त्याच्याबरोबर १९७६ च्या 'डिगा' या ध्वनिमुद्रिकेपासून वाजवत राहिले, आणि दोघांच्या 'प्लॅनेट ड्रम'ला जागतिक संगीतासाठीचं पहिलंवहिलं ग्रॅमी मिळालं. 'फिश'च्या 'डिव्हायडेड स्काय' या रचनेत ऐन भरात चौघंही थांबतात. ट्रे आकाशाकडे बघत मिनिटभर, कधी त्याहून जास्त, नुसता उभा राहतो. पुढचा स्वर कुठे पडणार हे प्रत्येकाला पाठ असतं, तरी हजारो माणसं त्याची वाट बघतात. समेची वाट बघणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आपल्याकडे विनंती अशी की, मैफिलीचं वृत्त छापताना दीपप्रज्वलन कुणी केलं आणि सत्कार कुणाचा झाला याच्या जोडीला दोन-तीन श्रोत्यांनी काय ऐकलं तेही छापावं. डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव आहे, त्याच्या मागोमाग गावोगावचे महोत्सव सुरू होतील. त्यावेळी वाचकांकडून शंभर-शंभर शब्दांची टिपणं मागवा. मतं परस्परविरोधी असली तर शेजारी-शेजारी छापा. आणि मांडवात एका कोपऱ्यात, विक्री न करण्याच्या अटीवर, कलाकाराच्या संमतीने श्रोत्यांना ध्वनिमुद्रण करू देता येईल का, हा प्रश्न आयोजकांना आपल्या दैनिकातर्फे विचारावा. मिरजेच्या दर्ग्यातल्या ज्या रात्री कुणीच टेप केल्या नाहीत, त्या आता ऐकायला मिळणार नाहीत.

आपली नियमित वाचक,
ऑल्बनी, न्यूयॉर्क राज्य
(मूळ मिरज)