ग्लायडरमध्ये आधी काय घ्यावे?

लातूर,
१४ एप्रिल

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. इतक्या वर्षांनी तू पुन्हा ग्लायडर, म्हणजे आपले बिनइंजिनाचे विमान, उडवणार हे वाचून फार आनंद झाला. हाताशी असलेल्या पैशांत पॅराशूट, फ्लार्म (टकरीचा इशारा देणारे यंत्र) आणि बीकन (संकटात मदतीची हाक पाठवणारे यंत्र) यांपैकी आधी काय घ्यावे, असे तू विचारले आहेस. मी मात्र या तिन्हींच्या आधी चौथीच वस्तू सांगतो, ती म्हणजे बसायची गादी.

माझी पाठ दुखावल्याचे तुला ठाऊक आहे, पण कारण मी कधी नीट लिहिले नव्हते. उतरताना शेवटच्या पंधरा-वीस फुटांत वेग कमी पडला आणि ग्लायडर सपाट आपटले. पाहणाऱ्यांना ते फार जोराचे वाटले नाही. पण थोडे उंच बसता यावे म्हणून मी बुडाखाली सोफ्याचा मऊ स्पंज घेतला होता. तो क्षणात चपटा झाला. सीट जागच्या जागी थांबली होती आणि शरीर मात्र अजून खालीच येत होते. दोन्हींची गाठ पडली तेव्हा कमरेचा एक मणका पुढच्या बाजूने दबला, आणि सहा आठवडे मी उताणा पडून काढले.

धक्का शोषून घेणारा जो दाट फोम मिळतो, त्याची रीत वेगळी आहे. त्यात अंगठा हळू दाबला तर रुततो, बुक्की मारली तर लाकडासारखा लागतो, आणि अंगठा काढल्यावर पडलेली खळी सावकाश भरून येते. उन्हात तापला की तो मऊ पडतो, म्हणून आपल्याकडचा मे महिना डोळ्यांसमोर ठेवून जरा कडक प्रतीचा घे. पाठीमागे मात्र दबणारे काहीही ठेवू नकोस, कारण उड्डाणासाठी जमिनीवरचे विंच यंत्र केबलने ग्लायडर ओढते तेव्हा अंग मागे रेलते, गादी दबते, आणि हातातली नियंत्रणाची दांडी (स्टिक) नकळत मागे ओढली जाते.

पट्टे तर ग्लायडरमध्ये असतातच, तरी ते स्वतः तपासून घे. कडा विरलेला किंवा उन्हाने रंग उडालेला पट्टा दिसला, तर तो बदलल्याशिवाय बसू नकोस. कमरेचा पट्टा आधी, पोटावर न घेता ओटीपोटाखालच्या हाडांवर आवळायचा आणि खांद्याचे नंतर. क्रम उलटला की खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा पोटावर ओढून आणतात.

यानंतर पॅराशूट. हवेत टक्कर झाली किंवा पंख निकामी झाला, तर दुसरा उपाय नाही, म्हणून ते घ्यावेच असे माझे मत आहे. पण विंचची केबल दोनशे फुटांवर तुटली तर त्याचा काही उपयोग नाही, तेव्हा नाक खाली घेऊन वेग राखणे हेच हाती असते. शिवाय सहा-सात किलो वजन वाढते, ते तुझ्या वजनात धरून कॉकपिटच्या पाटीवरच्या मर्यादेशी पडताळून पाहा. उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत ते जाणकाराकडून उघडून पुन्हा घडी करून घ्यावे लागते, तो खर्च आजच धर. आणि उन्हाळ्यात ते गाडीच्या डिकीत तर मुळीच ठेवू नकोस. जमिनीवर डोळे मिटून कॅनोपी (डोक्यावरचे पारदर्शक झाकण) फेकणे, पट्टे सोडणे आणि बाहेर पडणे यांचा सराव हाताला सवय लागेपर्यंत कर. तो करायची तयारी नसेल, तर पैसे तूर्त राहू दे.

फ्लार्मचा निर्णय तुझ्या एकट्याचा नाही. २००४ साली स्वित्झर्लंडमध्ये निघालेले हे यंत्र आपला पुढचा मार्ग ताडून दर सेकंदाला रेडिओवर कळवते आणि शेजाऱ्याचा ऐकते. शेजाऱ्याकडे ते नसेल तर गप्प राहते. एकाच थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेच्या झोतात, चार-पाच जण फिरत असतील तर त्याचे मोल मोठे आहे, म्हणून बरोबर उडणाऱ्या सगळ्यांशी बोलून एकत्रच घ्या.

बीकन शेवटी. ४०६ मेगाहर्ट्झवरची त्याची हाक उपग्रहांमार्फत बेंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रापर्यंत पोहोचते, आणि हिमालयात उडणाऱ्याला मी तेच सर्वांत आधी घ्यायला सांगितले असते. आपल्या सपाट मुलखात मात्र तुरीच्या किंवा सोयाबीनच्या रानात उतरलास, तर ग्लायडर थांबायच्या आत बांधावर चार माणसे उभी असतात.

पत्रासोबत फोमचा तळहाताएवढा तुकडा पाठवतो आहे. दुपारी तासभर उन्हात ठेव, मग अंगठ्याने दाबून पाहा, आणि किती रुततो ते मला कळव.

तुझा,
माधव