दुर्वासांच्या शापाआड दुष्यंत

महोदय,

पुण्यात ‘अभिज्ञानशाकुंतल’वर व्याख्याने होतात, निवडक प्रवेशांची वाचने होतात, संस्कृत घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या टिपणवह्यांतही या नाटकाला मानाचे स्थान असते; आणि या सगळ्यांत एक निष्कर्ष इतक्या सहजपणे सांगितला जातो की, त्यापाशी कोणी थांबत नाही. राजा दुष्यंत शकुंतलेला विसरेल आणि खुणेची अंगठी पाहिल्यावरच त्याला ती आठवेल, असा दुर्वास ऋषींचा शाप कालिदासाने योजला आणि महाभारतातल्या दुष्यंतावरचा डाग धुऊन काढला, असा तो निष्कर्ष. नाटकाची बांधणी बारकाईने पाहिली तर तो अर्धाच खरा आहे, असे मला ठामपणे वाटते.

महाभारताच्या आदिपर्वातला राजा आश्रमात गुपचूप वरलेल्या शकुंतलेला भर सभेत नाकारतो तेव्हा त्याला सारे आठवत असते. महाभारतकाराने ‘स्मरन्नपि’ (आठवत असूनही) हा शब्द घालून त्याबद्दल शंकाच ठेवलेली नाही. तेथे शाप नाही, अंगठी नाही. शेवटी आकाशवाणी होते आणि मग राजा लोकापवादाचे कारण पुढे करतो. असा पुरुष नायक म्हणून शृंगारप्रधान नाटकात चालणार नाही, म्हणून कालिदासाने शाप आणला, येथपर्यंत आपल्या अभ्यासकांचे म्हणणे मान्य करायला हवे. परंतु शाप आणणाऱ्या त्याच नाटककाराने शापाच्या अलीकडे आणि पलीकडे काय पेरून ठेवले आहे, याचा विचार क्वचितच होतो.

दुसऱ्या अंकाचा शेवट पाहावा. राजमातेच्या व्रतासाठी विदूषकाला, आपल्या थट्टेखोर मित्राला, राजधानीत परत पाठवताना, हा चंचल बटू अंतःपुरात काही बोलून जाईल या भीतीने, शकुंतलेविषयी आपण जे बोललो ते सगळे थट्टेने बोललो, असे राजा त्याला सांगतो. दुर्वास आश्रमाच्या दाराशी येतात ते चौथ्या अंकाच्या विष्कंभकात (अंकारंभीच्या छोट्या जोडप्रवेशात). म्हणजे हे असत्य शापाच्या पुष्कळ आधीचे, पूर्ण शुद्धीवर असताना आणि केवळ सोयीसाठी बोललेले आहे. त्याची किंमत सहाव्या अंकात वसूल होते. तू मला आठवण का करून दिली नाहीस, असे राजा विचारतो, तेव्हा ती थट्टा आहे असे आपणच शेवटी सांगितले होते, हे विदूषकाचे उत्तर त्याला निमूट ऐकावे लागते.

त्याहून मोलाचा आहे पाचव्या अंकाचा आरंभ. शकुंतला राजसभेत पोहोचण्यापूर्वी पडद्याआडून राजाच्या अंतःपुरातल्या हंसपदिकेचे गाणे ऐकू येते. नव्या मधाला लाचावलेल्या भुंग्या, आंब्याच्या मोहोराचे तसे चुंबन घेऊन आता कमळात नुसती जागा मिळताच तू त्याला विसरलास कसा, असा त्याचा भावार्थ. हिच्यावर आपण एकदाच प्रेम केले, असे राजा स्वतःच म्हणतो आणि तिची समजूत काढायला विदूषकाला धाडतो. या एका लहानशा प्रवेशाने नाटककार दोन कामे साधतो. आश्रमातल्या प्रेमाची कुणकुण असलेला एकमेव साक्षीदार रंगमंचावरून नेमक्या वेळी दूर होतो, हे तंत्राच्या दृष्टीने. आणि हंसपदिकेला कोणत्याही ऋषीचा शाप नव्हता, तरी ती विसरली गेली, हे आशयाच्या दृष्टीने. पहिल्या अंकात शकुंतलेच्या मुखाभोवती भ्रमर घोटाळत होता आणि राजा त्याचा हेवा करत होता, हे ज्या प्रेक्षकाच्या ध्यानात आहे त्याला या गाण्यातला भुंगा कोण, हे सांगावे लागत नाही. शाप दुष्यंताला क्षमा मिळवून देतो खरा, पण राजांच्या अंतःपुरात विस्मरण ही रोजचीच गोष्ट होती, हे कालिदास त्याच दमात सांगून ठेवतो.

पुढच्या अंकाच्या प्रारंभी येणारा, शकुंतलेची हरवलेली अंगठी माशाच्या पोटात सापडलेल्या कोळ्याचा प्रसंगही केवळ विनोदासाठी आहे, असे मला वाटत नाही. शकुंतला खरे बोलली, पण तिच्याजवळ अंगठी नव्हती. कोळ्याजवळ अंगठी आहे, तोही खरेच बोलतो आहे, आणि तरीही शिपाई त्याला चोर समजून मारतात. हे दोन प्रसंग लागोपाठ ठेवणाऱ्या नाटककाराला सत्तेसमोरच्या सामान्य माणसाच्या शब्दाची किंमत पुरती ठाऊक होती.

‘तत्रापि च चतुर्थोऽङ्कः’ (त्यातही चौथा अंक श्रेष्ठ) या प्रसिद्ध वचनामुळे आपले सारे प्रेम, शकुंतलेला सासरी पाठवणाऱ्या तिच्या पालक पित्याच्या, कण्वांच्या निरोपावर खिळले आहे. तो अंक थोर आहेच. मुलीची पाठवणी केलेल्या कोणालाही तो आजही कोरड्या डोळ्यांनी वाचता येत नाही. त्यातून 31 ऑक्टोबर 1880 रोजी याच शहरात, आनंदोद्भव नाट्यगृहात, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला तोही पहिल्या चार अंकांचाच, उरलेले अंक मागाहून आले. मराठी संगीत रंगभूमीच्या त्या आरंभाचा अभिमान प्रत्येक पुणेकराला असायला हवा. मात्र पाठवणीपाशी थांबणारे ‘शाकुंतल’ म्हणजे ज्या प्रश्नासाठी हे नाटक रचले गेले, तो प्रश्न विचारण्याआधीच पडदा पाडणे होय.

म्हणून संक्षिप्त प्रयोग व वाचने करणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे की, वेळेअभावी कात्री लावायचीच असेल तर ती शिकारीच्या वर्णनांना लावावी, हंसपदिकेच्या गाण्याला लावू नये. अध्यापकांनीही ‘शापाचे प्रयोजन’ हा नेहमीचा प्रश्न घालताना त्यासोबत दुसऱ्या अंकातले ते असत्य विद्यार्थ्यांपुढे ठेवावे आणि उत्तर त्यांचे त्यांना शोधू द्यावे.

आपली,
एक निवृत्त संस्कृत शिक्षिका,
सदाशिव पेठ, पुणे